सोमवारची उधारी

पहाटे साडेपाचला टोलिडोच्या डेपोत
शाळेच्या पिवळ्या बस एकदम खोकायला लागतात.
काचेवरचा बर्फ खरवडत आम्ही
शनिवारचा हिशेब काढतो.

मिशिगनची हद्द इथून दहा मिनिटांवर.
कधीकाळी या गावासाठी दोन राज्यांनी
फौजा उभ्या केल्या होत्या म्हणे.
दलदलीत वाट चुकल्या, दमल्या, घरी गेल्या.
साबो म्हणतो, ती लढाई मिटलीच नाही,
नुसती मैदानात नेऊन ठेवली,
भोवती लाखभर माणसं बसवली
आणि मधे तो लांबोडका चेंडू सोडला,
जो सरळ उडी मारेल तर शपथ.

मी लाल. लवॉन लाल.
साबो निळा, त्याची बायको लाल,
म्हणून शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नाही.
थर्मन निळा, पार हाडापर्यंत.
आमच्यातलं कुणीच त्या कॉलेजांची पायरी चढलेलं नाही,
आमची पोरं फी ऐकूनच माघारी फिरली.
तरी हरल्यावर ‘आपण’ हरतो,
‘ते’ हरलेत असं कधी कुणाच्या तोंडून आलं नाही.

लवॉनचा घटस्फोट झाला त्या आठवड्यात
आम्ही सगळ्या बाया तिच्याशी दबक्या आवाजात बोलत होतो.
थर्मन आला, थर्मासचं झाकण उघडत म्हणाला,
‘तुमचाच ना तो? लाल टोपीवाला?
मग शेवटच्या पंधरा मिनिटांत कसा टिकेल!’
ती इतकी हसली
की कॉफी नाकातून आली,
आणि मग पहिल्यांदा रडली.

या शनिवारी शेवटच्या चार सेकंदांत
निळ्यांची किक खांबाला लागली.
टण्ण.
मी भांडी घासत होते, तिथपर्यंत ऐकू आलं.
रविवारभर टोमणे घोटत बसले,
देवळात सुद्धा एक सुचला, देव माफ करो.

पण सोमवारी डेपोत सगळे गप्प.
थर्मनची डोळ्यांची तपासणी शुक्रवारी झाली होती.
एकतीस वर्षं, एकोणीस नंबरची गाडी,
किल्ली साहेबांच्या टेबलावर.
कुणीतरी डोनट आणले होते.
मयताच्या घरी बोलतात तसे आम्ही
हवेबद्दल बोलत होतो,
यंदा थंडी लवकर, हो ना, लवकरच.

तो भिंतीला टेकून उभा.
एक डोनट संपवला. दुसरा घेतला.
मग हात झटकून ओरडला,
‘मेलात काय सगळे?
एकतीस वर्षं तुमची उणीदुणी काढली,
ती उधारी आज फेडायची नाही?
टीव्हीवर तो खांब मला लख्ख दिसला.
डॉक्टर म्हणतो, नजर गेली.
अरे, नजर गेली असती तर
एवढं दुःख तरी झालं असतं का!’

क्षणभर फक्त इंजिनं.
मग लवॉन हळूच म्हणाली,
‘खांब हलला असेल, थर्मन.
तुमच्या पोराला बघून घाबरला असेल.’
आणि बांध फुटला.
साबोनं आपल्याच माणसावर दोन ठेवून दिल्या,
मी रविवारचा सगळा साठा रिकामा केला.
थर्मन खाली मान घालून ऐकत होता,
बऱ्याच दिवसांनी कुणी पाठ खाजवून द्यावी तसा.

एकोणीस नंबर आता माझ्याकडे.
हा आठवडा तो पुढच्या सीटवर बसतोय,
रस्ता शिकवायला.
पुलाखाली डावीकडे खड्डा.
पिवळ्या घराचं कुत्रं चाकावर येतं, हॉर्न नको, त्याला शिव्या दे.
तिसऱ्या थांब्यावर जरा दम धर,
एक पोरगी बूट हातात घेऊन पळत येते.

आली. बूट हातात, डोक्यावर निळी टोपी.
‘टोपी कुठली?’ त्यानं विचारलं.
‘लाल,’ मी म्हणाले.

‘तिच्या बापाला ओळखतो मी,’
काचेकडे तोंड करून तो म्हणाला,
‘खोटारडे. दार उघड.’