खाडाखोड

नमुना अकरा पानी आहे.
पान एक: इमारत, रंग, जिना.
जिन्याला कठडा आहे काय? होय / नाही.
कठडा आहे. तो हलतो,
हे लिहायला जागा नाही.

दारूखान्याच्या बाजूने गॅस कटर चालू,
खिडकीत गंजाचा वास,
आणि मुख्याध्यापिका तोडणकर बाई
कडक इस्त्रीचा पदर सावरत म्हणतात, आधी चहा.
मी म्हणते, आधी टाकी.
टाकीवर 'धुतल्याचा दिनांक', पुढे परवाची तारीख,
निळ्या ऑइलपेंटमध्ये, इतकी ताजी
की हात लावला तर परवाचा दिवस
माझ्या बोटाला आला.

मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप आज उघडं.
कुलपाला विचारावं, काल कुठे होतंस?
फिनेल एवढं ओतलंय की डोळ्यांत पाणी.
लिहिते: सुविधा उपलब्ध.

चव रजिस्टर.
खिचडी वाढण्याआधी शिक्षकाने खाऊन सही करायची.
आज बुधवार. सह्या शनिवारपर्यंत झाल्यात.
गुरुवारची चव: चांगली. शुक्रवारची: चांगली.
शनिवारी 'मीठ किंचित कमी', असा शेरासुद्धा.
(प्रामाणिक माणूस असणार.)

तिसरी ब. गुरव सर घामाघूम.
टाचण मोत्यासारखं.
भाषा पेटीतली कार्डं दोन रात्री बसून स्वतः कातरलीत,
अंगठ्याला पट्टी आहे.
मतदारयाद्या, गोवरचा सर्व्हे, आधारची जुळणी,
आणि उरल्या वेळात शिकवणं.
मला नका सांगू.
असा अंगठा मीही अकरा वर्षं कापून घेतलाय.

वाचनस्तर: परिच्छेद. वाच रे बाळा.
मुलगा नदीचा धडा घडाघडा म्हणतो,
बोट दुसऱ्या ओळीवर, तोंड पाचव्या.
मी पान उलटते. नदी वाहतेच आहे.
सर माझ्याकडे बघत नाहीत.
मी सरांकडे बघत नाही.

पट अडतीस. हजर एकतीस.
सात जण कुठे, हे मी अजून विचारलंही नव्हतं,
तर अख्खा वर्ग एका सुरात:
ताप आलाय, बाई. गावाला गेलेत, बाई.

ते सात माझ्या ओळखीचे आहेत.
शिवडीच्या शाळेत साहेब यायच्या आदल्या दिवशी
पेडणेकर गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवून
किती मायेने सांगितलं होतं,
उद्या तू नको येऊस हं.
मी घरी धावत गेले: मला एकटीलाच सुट्टी!
आईने धुतलेला गणवेश
पुन्हा घडी घालून ठेवला, काही न बोलता.

त्या रकान्याला काय म्हणतात,
तेवीस वर्षं या अकरा पानांत शोधतेय.

खाली उतरले तर गेटबाहेर, भंगाराच्या काट्यावर,
पूर्ण गणवेशात, दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी,
बसलेली एक. सुई एकवीस किलोवर.
नाव काय गं?
करीना धोत्रे. तिसरी ब.
मग वर का नाही आलीस?
तिने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं, काखेतली फाईल पाहिली.
'तुमचं झालं का, बाई?
झालं असेल तर मी जाते. खिचडी संपेल.'

तिच्या मागून जिना चढले. कठडा हलला.
तोडणकर बाईंच्या चेहऱ्याबद्दल
मी काही लिहिणार नाही.
फाईल उघडली. सूचना क्रमांक चार:
नमुन्यात खाडाखोड करू नये.
एकतीसवर रेघ मारली, वर बत्तीस लिहिलं,
बाजूला माझी आद्याक्षरं,
आणि निळं बोट उमटलं, नको तिथे.

शेरा लिहायचा राहिलाच.
सर वाटीत खिचडी घेऊन उभे होते, पट्टीचा अंगठा वाटीच्या काठावर.
पहिला घास घेतला.
मीठ कमी होतं. बुधवारीच.