बाचीचा पंप

सकाळी सहाला आकडा बदलतो.
मलप्रभा साखळी सोडते, उतू जाणाऱ्या दुधाकडं बघावं तशी
मशीनकडं बघते, आणि फळ्यावर खडूनं लिहिते
आजचा दर. खालचा पुसत नाही, नुसता खोडते.

शिनोळीच्या गाड्या हद्द ओलांडून इथं येतात.
हद्द म्हणजे रस्त्याचा रंग बदलतो तेवढीच.
दोन रुपयांसाठी दोन मैल,
हा हिशेब मी कधी मांडला नाही.
माझी जीपही त्याच रांगेत असते.

मी वडाप मारतो. दहा सीट, बसवतो चौदा.
पुढं ताकाची कासंडी मांडीवर घेऊन गंगव्वा,
मागं फाउंड्रीची पोरं, अर्धी झोपलेली.
परवा पाच रुपये वाढवले, कुणी भांडलं नाही.
तेच जास्त लागलं.
गंगव्वा म्हणाली, "एष्टु आता?"
गाठ सोडली, नाणी मोजली, दिली.
दुसऱ्या दिवशी चालत निघाली.
आरशात मी तिला बारीक होत जाताना बघितलं.

टँकरवाला फय्याज सांगतो,
हे मंगळूरहून, त्याआधी जहाजातून,
त्याआधी कुणाच्या तरी वाळूखालून.
तिकडं कोणी कोणावर गोळी झाडली
की बाचीत हिचा खडू हलतो.
मलप्रभा हसते : "मी गोकाकच्या पुढं गेल्ली नाही कधी."

आमच्याकडं भांडणं पाट्यांवरून.
गावाचं नाव कुठल्या अक्षरात, कोण वर, कोण खाली.
रात्रीत कोणीतरी डांबर फासून जातं.
पंपाच्या आकड्यांना मात्र कोणी हात लावत नाही.

एकदा विचारलं, डांबर कशाचं करतात रे?
फय्याज म्हणाला, ह्याचंच.
पेट्रोल, डिझेल, घासलेट, सगळं काढून घेतल्यावर
तळाला जे काय उरतं, ते.

मग ते फासणंसुद्धा
जहाजातूनच आलेलं.
हे मी कोणाला बोललो नाही. दोन्हीकडची गिऱ्हाइकं आहेत.

"किती घालू?"
"दोनशेचं."
पूर्वी दोनशेत काटा अर्ध्याला टेकायचा.
आता लाल रेघेवरून जरा उठतो,
इकडंतिकडं बघतो, बसतो.
"झिरो बघ," मलप्रभा म्हणते.
बघितला.
तेवढा एक अजून वाढलेला नाही.

पुढं वळणावर उन्हात कासंडी चमकली.
हॉर्न देऊ,
का नको?