साडेतीन मिलिमीटर

हात आधी साबणाने, मग स्पिरिटने, मग पुन्हा साबणाने.
ग्रीसचं बोट रबराला लागलं तर रबर फुगतं,
आणि फुगलेलं रबर वर्षभर गप्प राहून
नेमकं जानेवारीत तोंड उघडतं,
हाउकिपुदासच्या वळणावर, उणे अठ्ठावीसमध्ये.

म्हणून ओ-रिंगला फक्त ब्रेक ऑइल,
तेही नव्या बाटलीतलं, करंगळीने.

गिअरबॉक्स जॅकवर आहे, आ वासून,
दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा.
मधोमध दांडा, दांड्यावर खाचा,
खाचांना ग्रीस, नुसतं नावाला.
दांड्याभोवती नवं बेअरिंग,
पोटात पिस्टन दडवून बसलेलं.
जुन्या गाड्यांत याला ढकलायला काटा असायचा.
याला काटा नाही. याला फक्त तेलाचा रेटा कळतो.

मग मोजमाप.
इंजिनच्या कडेपासून क्लचच्या पोलादी बोटांपर्यंत किती,
गिअरबॉक्सच्या कडेपासून
मागे दाबून धरलेल्या बेअरिंगच्या कपाळापर्यंत किती,
वजाबाकी.
व्हर्निअर इतका गार की बोटाला चावतो.
तीनदा मोजलं, तिन्ही वेळा पाच पूर्णांक एक.
हवेत साडेतीन.
खाली एक पूर्णांक सहाची चकती सरकवली.
चिकटून बसलं तर बोटं झिजतात,
फार लांब राहिलं तर पिस्टन
आपल्या घरातून पाय घसरून पडतो.
याचा माणसांशी संबंध लावत बसू नका,
मला सकाळी सहाला लाकडाच्या गिरणीत पाळी आहे.

हे दुसरं बेअरिंग.
पहिलं मंगळवारी गेलं.
नळी जोडून ठेवली होती,
गिअरबॉक्स इंजिनपासून अजून वीतभर लांब,
आणि मी भाकरी-मासा खायला घरात गेले.
परत आले तर बाबा सीटवर.
पायात नुसते मोजे.
हात स्टिअरिंगवर, मान मागे वळवलेली,
औलू स्टेशनबाहेर एकतीस वर्षं टॅक्सी लावली तशी.
डावा पाय थेट तळाशी.

पिस्टन पुठ्ठ्यावर पडला होता,
स्प्रिंग त्याच्याही पुढे, जॅकच्या चाकापाशी,
आणि तेल, गवती चहाच्या रंगाचं, सगळीकडे.
मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही.
बाबांनी आपल्या पायाकडे पाहिलं,
कुणीतरी गाडीत विसरून गेलेली पिशवी पाहावी तसं.
म्हणाले, बाई थांबल्यात गं, सामान फार आहे त्यांचं.

दुकानात रायमोने विचारलं, एवढ्यात दुसरं? गळलं?
म्हटलं, हो. गळलं.
एकशे त्रेचाळीस युरो.

म्हणून आज पेडलच्या मागे बर्चचा ठोकळा आहे,
तारेने करकचून बांधलेला,
आणि शेडची किल्ली माझ्या खिशात.

पण गिअरबॉक्स एकटीने बसत नाही.
पाऊण तास ढकलला. खाचा खाचांना ओळख देईनात.
शेवटी जाऊन बाबांना उठवलं, बूट घातले, टॉर्च दिली.
त्यांनी टॉर्च विझवली.
तळहात लोखंडावर ठेवला, म्हणाले,
शेपूट वर घे. केसभर. आता मागचं चाक फिरव.
आत कुठेतरी टक् झालं
आणि दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या,
बोल्ट लावायच्या आधीच.
माझं नाव काय, ते त्यांनी दुपारी दोनदा विचारलं होतं.

नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात.
एक खाली, नटाशी, पाना घेऊन.
एक वर, पायाशी.
मी तार कापली. ठोकळा चुलीच्या लाकडांत टाकला.

दाबा.
दाबलं.
धरून ठेवा.
बाटलीत बुडबुडे, मोठे, मग मोहरीएवढे, मग नाहीत.
नट आवळला.
बाहेर नदीच्या काठाला पहिलं बर्फ धरत होतं,
त्याचा बारीक आवाज येत होता.
वरून बाबांनी विचारलं,
धरूनच ठेवू?

मी पाठीवर पडल्या पडल्या
काही वेळ उत्तर दिलं नाही.