माळ्यावर

शिबिराला आम्ही तिघं आलो होतो नवापुरात:
धुपाशिवाय न बसणारे कोट्टयमचे अच्चन,
चार आवाजांत गाणारी शिलाँगची मुलगी,
आणि मी, पहाटेच्या मौनाची वही घेऊन.

"डोळे मिटा," मी म्हणालो.
सगळ्यांनी मिटले.
झेलूबाई गावीत तेवढी
तुरीच्या शेंगा सोलत बघत राहिली.

"मिशनच्या मडमेनंबी आईला हेच शिकवलं," नंतर म्हणाली.
"तिच्या देशात रानडुकरं नसतील.
आमी माळ्यावर रातभर देवाशी बोलतो.
डोळा मिटला की पीक गेलं."

त्या रात्री गेलो तिच्याबरोबर.
थंडी मरणाची.
तिनं पत्र्याचा डबा बडवला,
येशूला हाक मारली,
पुन्हा डबा.

डुकरं आली नाहीत.
नेमकं कुणी ऐकलं,
मी विचारलं नाही.