उसवण

मारियाम्पोले, जानेवारी. शेडचं दार गोठून बसलंय.
व्हिडमंतस ग्राइंडर बाजूला सारतो:
"त्याला कुठं थांबायचं ते कळत नाही."

त्याची छिन्नी ट्रकच्या मोडक्या पाट्यातून घडलेली,
एका अंगानं सपाट, दुसऱ्यानं जराशी उतरती.
आधी वेल्डिंगचा टाका ड्रिलनं कोरायचा,
वरचाच पत्रा, खालच्याला ओरखडा नको.
मग धार दोन पत्र्यांच्या मधे, आणि हातोडी.
टक्. टक्. मग एक बारीक चट्,
तो ऐकला की मी टॉर्च पुढच्या टाक्यावर नेते.

आज टाके संपेचनात. बोटभर जागेत तीन तीन.
"कुठल्या गाढवानं डागलंय हे?
पुढं कुणाला उसवावं लागेल, याचा विचारच नाही!"
चौदावा. पंधरावा.
शिव्या आता रशियनमध्ये चालल्या होत्या.

सोळावा सुटला आणि तो गप्प झाला.
आतल्या पत्र्यावर खिळ्यानं खरवडलेलं
त्याचंच आद्याक्षर, खाली सन दोन हजार नऊ.

हातमोज्यानं तो उगाच धार पुसत राहिला.
"बहिणीची पोरं मागं बसायची," म्हणाला.
"वाटलं, सुटायला नको."

मी टॉर्च सतराव्यावर धरला.