सात नंबरची काच

दुपारी पावणेदोनला चोपडा सोडलं तेव्हा
गाडीत माणसं त्रेसष्ट,
आणि सात नंबरची काच एकच, दोन सीटांच्या मध्ये.
पुढे ढकलली की मागच्या रुकय्याला वारा,
मागे ओढली की पुढच्या उखर्डूआप्पांना.
दोघांना एकदम मिळेल
अशी सोय महामंडळानं केलेली नाही.

आप्पांना वारा नकोच होता.
त्यांनी दोन्ही काचा एकमेकींना भिडवल्या, म्हणाले,
बंद ऱ्हाऊ दे माय, हाई काय हवा शे?
भट्टीनं तोंड शे.
मे महिन्यात आम्ही घरंसुद्धा आठला लावून घेतो,
खिडकीला ओलं पोतं,
उघडायचं ते दिवे लागल्यावर.

आप्पा, घर थांबलेलं असतं, रुकय्या म्हणाली.
इथं तंबाखू, डिझेल, कुणाच्या डब्यातली लसणाची चटणी,
एवढ्यांनी सोडलेला श्वास, तोच पुन्हा तोच.
मला पाचवा महिना आहे.
एवढं बोलून तिनं ओढणीचं टोक नाकाला लावलं.

आप्पांचा हात काचेवरून हलला नाही.
वीस वर्षं जिनिंगमध्ये काढली त्यांनी,
छातीत रुई बसलीय,
गरम वारा आत गेला की खोकला थांबत नाही.
हे ते भांडणात काढत नाहीत.
मला माहीत, कारण दर बुधवारी
जळगावच्या सिव्हिलला जाण्याचं तिकीट मीच देते.

मग सगळ्या गाडीलाच कंठ फुटला.
बोरसे मास्तर सांगू लागले,
बाहेरचं तापमान अंगापेक्षा जास्त असेल तर वाऱ्यानं उलट...
मागून कुणी म्हणालं, मास्तर, फळा आणू का?
कुणाचं लेकरू रडलं, कुणी ओकारी आली म्हणून उठलं,
आणि एकानं मला विचारलं,
ताई, नियम काय आहे?
नियम सामानाचा आहे, अर्ध्या तिकिटाचा आहे,
कोंबडीचासुद्धा आहे.
खिडकीचा नाही.

अडावद मागं पडलं आणि केळी आली.
दोन्ही अंगांनी, रस्त्यापर्यंत,
ठिबकच्या नळ्यांवर पाणी पिऊन गच्च झालेली.
वारा त्यांच्यातून गाळून येऊ लागला.
काच कुणी सरकवली, दिसलं नाही.
बावीसच्या बावीस खिडक्या उघड्या,
आप्पांचं कपाळ गजाला टेकलेलं,
रुकय्याचे डोळे मिटलेले,
आणि मास्तरसुद्धा गप्प.

चार किलोमीटर.
मग नांगरून पडलेली काळी रानं,
आणि झळ पुन्हा तोंडावर, थापडेसारखी.
लावा रे ती काच! नका लावू!

आप्पा खोकले, बराच वेळ.
मग कुणाला न विचारता गळ्यातला गमछा काढला,
बाटलीतलं पाणी त्याच्यावर ओतलं,
प्यायचं पाणी, निम्मं,
आणि अर्ध्या उघड्या खिडकीत दोन टोकांनी खोचला.
आत आला तो वारा पोत्यामागच्या घरासारखा होता.
रुकय्या काही बोलली नाही.
पर्समधली आपली बाटली तिनं पुढे सरकवली,
धानोऱ्याला एकदा, विदगावला एकदा.

तापीच्या पुलावर मात्र वाऱ्यानं हिशेब केला.
फडफड झाली, एक टोक सुटलं, दुसरं सुटलं,
आणि गमछा कठड्यावरून खाली.
मना गमछा गया! गाडी थांबाड भाऊ!
पुलावर गाडी थांबत नाही.
सगळे हसले, रुकय्यासुद्धा, तोंड लपवून.
आप्पा नाही हसले.
जळगावला उतरले ते उघड्या मानेनं,
उन्हात, सिव्हिलच्या रिक्षाकडे.

पुढच्या बुधवारी आले तेव्हा
नवा गमछा, आणि खिशात सुतळी.
सात नंबरपाशी बसले, मागं वळून पाहिलं.
तिथं कुणी गृहस्थ घोरत होते.
ती पोर उनी नही का? मला विचारलं.
नाही, म्हटलं.
आप्पांनी काचा एकमेकींना भिडवल्या.
गृहस्थ जागे झाले, म्हणाले, उघडा की हो, जीव घुसमटतो.

मी दरवाज्याजवळच्या माझ्या सीटवर
सुट्टे मोजत बसले.
तिथं काच नाहीच.