जाग एक्केचाळिसावी

जिरापाच्या ऑफिसात माझं काम एवढंच:
हेडफोन लावायचे, ऐकायचं,
वहीत तीन रकाने भरायचे.
कोण. काय. कधी.
पहिले दोन भरतात.

वस्त्यांवर वाटलेली ही बोलकी पेटी
साबणाच्या वडीहून जरा मोठी, स्वस्तातली.
तिच्यात घड्याळ नाही असं नाही.
आहे. सेल काढले की मरतं,
घातले की शून्यापासून जन्मतं,
मागचं काही न आठवता.
आणि सेल तर रोज निघतात.
रात्री कुणाची शेळी अडली की विजेरीत जातात,
मॅच असली की शेजारच्या रेडिओत.

पेटीला मोजता येतं एकच:
आपण कितव्यांदा जागे झालो.
म्हणून माझ्या वहीत तारखा नाहीत,
असलं काहीतरी असतं:
जाग एक्केचाळिसावी, मिनिट तिसरं.
एक्केचाळीसनंतर बेचाळीस, हे पक्कं.
मधे एक रात्र गेली
की धुळीच्या वाऱ्याचा अख्खा हंगाम,
ते तिला विचारू नये.

एक्केचाळीसमध्ये
क्लोटिल्डा दाकुरा बोलते, ओठ पेटीला चिकटवून:
“पोराचं अंग तापलंय. आज सकाळपासून
दूधसुद्धा घेत नाही. नर्सबाई परवा...”
पुढचं क्रियापद
एका गिनी कोंबडीनं गिळलं.

परवा येऊन गेल्या?
परवा यायच्या आहेत?
आणि कुणाचं आज?

एकोणीस वेळा मागे नेऊन ऐकलं.
तिच्या आवाजामागे मुसळ.
मुसळामागे, लांब, मयताची लाकडी पट्ट्यांची वाद्यं,
नुसती जुळवत असलेली.
त्याच्याही मागे रेडिओ, आणि एकदम
सगळं अंगण ओरडतं: गोल!

ड्रायव्हर सेव्हेरियसला बोलावलं,
त्याला गोल पाठ असतात.
एक हेडफोन कानाला लावून म्हणाला, “शनिवार.”
मग दार लावता लावता,
“नाहीतर मंगळवारी पुन्हा लावली होती तेव्हाचं.”

भिंतीवर मिशनचं कॅलेंडर, सात दिवसांचं.
क्लोटिल्डाचा आठवडा सहांचा,
बाजारापासून बाजारापर्यंत.
दोन्ही एकावर एक ठेवून बोटं मोडत बसले.
तिचं आज माझ्या टेबलावर आलं
तेव्हा तीन बाजार जुनं होतं. कदाचित पाच.

नर्स युलेलियाला फोन केला.
“कुठली क्लोटिल्डा? त्या वस्तीवर चार आहेत,”
म्हणाली ती, पण फोन ठेवायच्या आत
मोटारसायकलला मारलेली किक ऐकू आली.

त्यानंतर प्रत्येक पेटीत माझ्या आवाजात भरलं:
बोलण्याआधी दिवस सांगा, मायबाप.
लोकांनी सांगितले.
“बाबिलेच्या बाजाराचा दुसरा दिवस.”
“विहिरीची दोरी तुटली त्याचा दुसरा दिवस.”
“सुनेनं मीठ जास्त घातलं तो दिवस,”
आणि मागून सून: “कुठला? रोजच म्हणतात.”
एक म्हातारे, तेंगान नावाचे, बराच वेळ गप्प.
मग, “काल बोलायचं ठरवलं होतं. म्हणजे आज.”

मी सगळं उतरवून घेते.
यांची दोरी, त्यांचं मीठ,
यांतून एक तारीख कधीतरी निघेलही.

त्याच पेटीत चव्वेचाळीस.
त्यात बोलणं नाही.
बटण कुणीतरी दाबतं, सोडतं, दाबतं.
ओला, जवळचा श्वास,
पेटीचा कोपरा बहुतेक तोंडात.
मग कुणी बाई हसते: “सोड रे, बिघडवशील.”
क्लोटिल्डाचं हसू मी कधी ऐकलेलं नाही,
ताडून कशाशी बघू?
आणि सेल शेजारी जातात
तशी पेटीही जात असेल.

युलेलिया अजून परत फिरलेली नाही.
तिसऱ्या रकान्यात पेन्सिल टेकवते,
खोडता येईल अशी,
आणि लिहिते:
नंतर.